आराखड्यात तुमची संस्था कुठे आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सोलापूर जिल्ह्यात सीना नदीला पूर आला, त्यानंतर माढा आणि मोहोळ तालुक्यांतल्या ज्या पाच गावांत तुमची संस्था आठ वर्षे काम करते तिथे तुम्ही धान्याचे किट तीन वेळा वाटले, अंथरूण-पांघरूण दिले, पंधरा दिवस पिण्याच्या पाण्याचे टँकर पुरवले. तरीही एप्रिलमध्ये त्याच घरांतून चाऱ्याची मागणी आली, काही कुटुंबे मुलांची शाळा सोडवून ऊसतोडीला गेली, आणि इतके देऊनही लोक उभे का राहत नाहीत असे विश्वस्त विचारू लागले. मधल्या काळात तुम्ही 'सिस्टिम्स थिंकिंग'चे, म्हणजे गोष्टी सुट्या न पाहता त्यांचे एकमेकांवर होणारे परिणाम धरून विचार करण्याचे, दोन दिवसांचे प्रशिक्षण घेतले आणि भिंतभर आराखडा काढला. त्यात कशाचा परिणाम कशावर होतो ते दाखवणाऱ्या बाणांची इतकी गर्दी झाली की त्यावरून उद्या काय करायचे ते कोणालाच सांगता येईना. हा विचार मदतकार्यात खरोखर उपयोगी पडतो का आणि पडत असेल तर कसा, हे तुम्हाला हवे आहे.

मी सोलापुरात राहतो आणि १९९३ च्या किल्लारी भूकंपापासून या कामात आहे. दुष्काळ, पूर आणि टाळेबंदी अशा तिन्ही काळांत जिल्ह्यातल्या बहुतेक तालुक्यांत मी काम केले आहे. त्या अनुभवावरून सांगतो की हा विचार निश्चित उपयोगी पडतो. मात्र तो नुसता आराखडे काढण्याचे तंत्र म्हणून शिकवला गेला की हाती काही लागत नाही. तुम्ही पाठवलेले आराखड्याचे छायाचित्र मी बराच वेळ पाहिले. त्यात पाऊस आहे, वरची धरणे आहेत, सावकार, बाजारभाव, साखर कारखाना, ग्रामपंचायत, शाळा, सगळे आहे. तुमची संस्था मात्र त्यात कुठेच नाही. तीन वेळचे किट नाहीत, टँकरही नाही. गावाबाहेर उभे राहून गाव पाहावे तसा तो आराखडा निघाला आहे, आणि तुमची खरी अडचण मला तिथे दिसते. मदत सुरू झाल्या दिवसापासून ती गावच्या व्यवहाराचा भाग होते. किराणा दुकानदार, मुकादम, ग्रामसेवक, शेजारच्या गावात काम करणारी दुसरी संस्था, ज्याला मिळाले तो आणि ज्याला मिळाले नाही तोही, असे सगळे जण तिच्याकडे पाहून आपले पुढचे पाऊल ठरवतात. त्या पावलांचा हिशेब आधीपासून धरणे, इतकाच अर्थ मी 'सिस्टिम्स थिंकिंग' या शब्दांचा घेतो.

हे कधी लागू होते आणि कधी नाही, ते आधी सांगितले पाहिजे. पाणी अंगावर आलेले असताना पहिल्या दोन-तीन दिवसांत असा विचार करत बसण्याचे काही कारण नाही. माणसे छतावर असतील तर होडी पोहोचली पाहिजे, साप चावला असेल तर दवाखान्यापर्यंत वाहन मिळाले पाहिजे. आपत्तीच्या काळात माणशी रोज किमान १५ लिटर पाणी हे जगभरच्या मदतसंस्थांनी मान्य केलेले प्रमाण आहे. ते गाठेपर्यंत दुसरी चर्चा नको. विचाराची गरज साधारण दुसऱ्या आठवड्यापासून लागते, कारण तेव्हा लोक नुसते वाचण्याच्या धडपडीतून बाहेर येऊन पुढचे निर्णय घेऊ लागतात. शिवाय तुमच्याजवळ पैसा किती, तुम्ही किती महिने थांबणार, गावातले कोण तुमच्याशी मोकळेपणाने बोलते, यावरही उत्तर बदलते. महिनाभर राहून निघून जाणाऱ्या संस्थेला मी यातले फारसे काही सुचवणार नाही. तुम्ही तिथे आठ वर्षे आहात म्हणून हे लिहितो आहे.

मला स्वतःला ही गोष्ट एका हापशाने शिकवली. २०१३ च्या उन्हाळ्यात मंगळवेढा तालुक्याच्या दक्षिण भागातल्या एका गावात आम्ही टँकर पुरवत होतो. सरकारी टँकरही येत होता. दोन्ही टँकर गावच्या विहिरीत ओतले जात आणि लोक ते पाणी शेंदून नेत. गावात एक हापसा होता, तो बंद होता. दुरुस्तीसाठी आम्ही दोनदा मिस्त्री पाठवला आणि दोन्ही वेळा तो परत येऊन म्हणाला की आतली साखळीच चोरीला गेली आहे. तिसऱ्या खेपेस मी स्वतः गेलो. ज्यांच्या ओसरीवर टेकलो होतो त्या आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग आत गेल्या, ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली ती साखळी माझ्यासमोर आणून ठेवली. तिला गंज चढू नये म्हणून तेल लावलेले होते. "ही बसवली तर दिसाला धा-बारा घागरी निघत्यात," त्या म्हणाल्या, "पर सायबांनी पाणी बघितलं की टँकर बंद. बारा घागरीत गाव कसं भागायचं?"

त्यांचे काहीही चुकलेले नव्हते. तहसीलदार आणि गटविकास अधिकारी संयुक्त पाहणी करतात, गावात पाण्याचा दुसरा उद्भव, म्हणजे स्रोत, नाही याची खात्री करतात आणि मग टँकर मंजूर होतो; हा नियमही आपल्या जागी योग्य आहे, कारण टँकर मोजके असतात आणि गावे पुष्कळ. पण दोन योग्य गोष्टी एकत्र आल्या आणि चालू शकणारा हापसा कणगीत जाऊन बसला. यातला मला सर्वांत लागलेला भाग पुढचा आहे. सरकारी टँकर मंजूर असलेल्या गावांनाच आपला जादा टँकर द्यायचा, असा नियम आम्ही सोयीसाठी ठेवला होता, म्हणजे साखळी बसवली तर गावाचे एक नव्हे, दोन टँकर जाणार होते. ती साखळी लपवून ठेवण्याचे निम्मे कारण आम्हीच होतो, आणि आम्ही मात्र मिस्त्री पाठवत होतो. पुढे आम्ही ग्रामसभेत लेखी दिले की हापसा चालू असला तरी आमच्या खेपा उन्हाळाभर थांबणार नाहीत आणि सरकारी खेप कमी झाली तर तेवढी आम्ही भरून देऊ. चार दिवसांत साखळी बसली. सरकारी खेप एकाने कमी झाली ती आम्ही सोसली, आणि वाचलेला वेळ लांबच्या वस्त्यांसाठी वापरला, कारण विहिरीत ओतलेले पाणी तिथपर्यंत कधी पोहोचतच नव्हते.

मदतीची रचना अशीही करता येते की लोकांचे प्रत्युत्तर आपल्याला हव्या त्या दिशेने जाईल. याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. १९७२-७३ च्या दुष्काळात मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. त्याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्या कामांत त्रुटी पुष्कळ होत्या, मजुरी उशिरा मिळे, माणसे खडी फोडून मेटाकुटीला येत. माझ्या घरातल्या मोठ्यांनी ते काम केलेले आहे आणि मला त्याचे गोडवे गायचे नाहीत. पण रचना म्हणून त्याकडे पाहा. ज्याला गरज नाही तो उन्हात खडी फोडायला येत नाही, त्यामुळे गरजू कोण हे ठरवायला पाहणी लागत नाही. संकट वाढले की मजूर आपोआप वाढतात आणि पाऊस पडला की ते आपोआप शेताकडे परततात. मजुरी रोख किंवा धान्यात हातात पडते, ती बाजारात जाते, आणि ज्या गावात खरेदी करण्याची ताकद आहे तिथे व्यापारी धान्य आणतो. अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाविषयी जे दाखवून दिले ते हेच होते: माणसे मेली ती अन्न अजिबात नव्हते म्हणून नव्हे, तर ते मिळवण्याची त्यांची ताकद कोसळली म्हणून. टँकरच्या नियमात बंद हापशाला बक्षीस होते. इथे मात्र संकट ओसरताच माणूस स्वतःहून बाहेर पडत होता.

आता तुमच्या पाच गावांकडे येतो. त्यासाठी एक कल्पना नीट समजून घ्यावी लागते आणि ती सोलापूरकराला समजावून सांगणे फार सोपे आहे. उजनी धरणात एकूण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावते. त्यातले साधारण ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे एरवी हात न लावायचा तळचा साठा, आहे, आणि टक्केवारी फक्त त्यावरच्या पाण्याची मोजली जाते. म्हणून 'उजनी शून्यावर' असे आपण वाचतो तेव्हा धरण रिकामे नसते. धरण 'मायनस'मध्ये जाते तेव्हाही शहराला पाणी येत राहते आणि बाहेरून पाहणाऱ्याला काही बिघडल्यासारखे वाटत नाही. कुटुंबाचेही तसेच असते. हातातली रोकड, चार महिन्यांची ज्वारी, दुकानदाराकडची पत हा वरचा साठा. बियाणे, गाभण म्हैस, बैलजोडी, गळ्यातले डोरले, मुलीची शाळा हा मृतसाठा. पुरानंतर किट मिळालेले घर चूल पेटलेली आहे म्हणून सावरल्यासारखे दिसते, पण त्याच वेळी ते बियाणे दळून खात असेल किंवा म्हैस विकत असेल तर ते मायनसमध्ये गेलेले आहे. मदतकार्यात आपण सहसा प्रवाह मोजतो, म्हणजे किती किट गेले, किती खेपा झाल्या. घराचा साठा कुठवर उतरला हे कोणी मोजत नाही. तुमच्या विश्वस्तांना जे कोडे पडले आहे त्याची गाठ इथे आहे.

पुराच्या वेळी सीनाकाठी काय घडत जाते ते क्रमाने पाहू. आपल्या भागात रब्बी ज्वारीची पेरणी साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते. काळी जमीन पावसाची ओल धरते आणि त्या ओलीवर, पुढे पाऊस नसला तरी, पीक फेब्रुवारी-मार्चपर्यंत तग धरते. या ज्वारीचे धान्य घरात जाते आणि कडबा जनावरांना जातो. उन्हाळा कडब्यावर निघतो. सप्टेंबरच्या अखेरीस पूर आला म्हणजे तो नेमका या पेरणीच्या तोंडावर आला. जमिनीला वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, यायला वेळ लागला, कुठे माती खरवडून गेली, कुठे वाळू येऊन बसली, विहिरी गाळाने भरल्या, मोटारी वाहून गेल्या. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी ट्रॅक्टर लावून रान साफ केले आणि थोडी उशिरा का होईना, पेरणी साधली. ज्यांच्याकडे नव्हता त्यांचे रान पडून राहिले. त्या पंधरा-वीस दिवसांत पेरणी झाली नाही की फेब्रुवारीत कडबा नाही, आणि कडबा नाही म्हणून एप्रिलमध्ये चारा मागायला माणसे तुमच्या दारात. एप्रिलची मागणी हे नवे संकट नव्हतेच. तो पूरच होता, सहा महिने चालत आलेला. तुमचे किटचे दुसरे आणि तिसरे वाटप ऑक्टोबरात झाले असे तुम्ही लिहिले आहे. त्या दिवसांत बियाणे, ट्रॅक्टरचे भाडे आणि विहिरीतला गाळ काढण्याची मजुरी यांसाठी तेवढेच पैसे गेले असते तर एप्रिल बराच हलका झाला असता, असे मला वाटते. घड्याळ शेताचे चालू होते, आपण मात्र वाटपाच्या वेळापत्रकाने चाललो होतो. हा 'आपण' मी मुद्दाम लिहितो, कारण २०२० च्या ऑक्टोबरात भीमाकाठी मी नेमके हेच केले होते.

दुसरा धागा किराणा दुकानाचा आहे आणि तो जवळून पाहण्यासारखा आहे. खेड्यातला किराणा दुकानदार नुसता माल विकत नाही, तो गावाला उधारी देतो. त्याच्या गल्ल्याजवळची लांबट वही हीच पुष्कळ घरांची पत असते. पुरानंतर तीन वेळा किट आले म्हणजे दीड-दोन महिने तेल, डाळ, साखर, चहा यांची विक्री थांबली. जुनी उधारी तर पीक गेल्यामुळे वसूल होणारच नव्हती. रोख नाही, वसुली नाही, त्यामुळे दुकानदार सोलापुरातल्या घाऊक बाजारातून नवा माल भरू शकला नाही, आणि डिसेंबरात किट संपले तेव्हा ज्या घरांना उधारीची सर्वांत जास्त गरज होती त्यांनाच त्याने हात जोडले. तुमच्या पाचही गावांत असे झाले असेलच असे मी म्हणणार नाही. दुकानच पाण्याखाली गेले असेल आणि रस्ता तुटलेला असेल, तर किट देणे हाच योग्य मार्ग होता. परंतु पहिले किट दिल्यानंतर दुकान उघडे असेल तर पुढची मदत त्याच दुकानात चालणाऱ्या कुपनांनी किंवा थेट खात्यात रोख द्यावी. २०१६ च्या इस्तंबूलच्या जागतिक मानवतावादी परिषदेनंतर मोठ्या संस्थाही जिथे बाजार चालू आहे तिथे रोख मदतीकडे वळल्या आहेत. दुकानदार आणि सावकार एकच असेल तर मात्र सावध राहावे लागते. तिथे कुपन देण्याआधी दर लिहून फलकावर लावायला सांगणे मी अट म्हणून ठेवतो.

तिसरा धागा ऊसतोडीचा. दिवाळीच्या सुमारास कारखाने सुरू होतात आणि मजूर गोळा करणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन गावात येतो. पुराने पीक आणि मजुरी दोन्ही गेलेल्या घराला त्या क्षणी रोख देणारा तो एकटाच असतो. त्यामुळे एरवी एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, जाते तिथे मोठी उचल घेऊन सगळे घर जाते आणि उचल फिटेपर्यंत परत येत नाही. याचा तुमच्या कामावर आणखी एक परिणाम होतो. तुमची नुकसानीची पाहणी नोव्हेंबरमध्ये झाली, म्हणजे जी घरे सर्वांत मोडली होती ती त्या दिवशी गावातच नव्हती. यादीत आली ती थोडीफार तग धरलेली घरे. पुढचे सगळे नियोजन त्या यादीवर झाले असेल तर ते तपासून पाहा.

या तीन धाग्यांत विलंब समान आहे, आणि माझ्या अनुभवात मदतकार्यातल्या बहुतेक चुका विलंब न ओळखल्यामुळे होतात. चारा छावण्यांचे घ्या. पाऊस पडला की छावणी बंद करण्याची घाई होते, पण पहिल्या पावसानंतर पेरलेली मका किंवा कडवळ चाऱ्याला यायला ५० ते ६० दिवस लागतात. दुष्काळभर सांभाळलेली जनावरे त्या दोन महिन्यांत विकली जाताना मी सांगोल्याच्या बाजारात पाहिली आहेत. विलंब याहून कितीतरी मोठाही असतो. बांगलादेशात १९७० च्या दशकापासून तळ्या-ओढ्यांचे दूषित पाणी लोकांनी पिऊ नये म्हणून मोठ्या प्रमाणावर कूपनलिका घेतल्या गेल्या. त्या पाण्यात आर्सेनिक असल्याचे १९९० च्या दशकात उघड झाले आणि तोवर कोट्यवधी लोक ते पीत होते. हेतू शुद्ध होता, पण परिणाम दोन दशकांनी समोर आला.

मग प्रत्यक्षात काय करायचे? भिंतीवरचा आराखडा उतरवून बाजूला ठेवा. प्रत्येक गावासाठी एक बारा महिन्यांचा तक्ता करा आणि त्यात पेरणी, काढणी, कारखान्याचा हंगाम, पीककर्जाचा हप्ता, बचतगटाचे आणि मायक्रोफायनान्सचे हप्ते, शाळेचे प्रवेश, आषाढी-कार्तिकीची वारी, लग्नसराई हे सगळे गावकऱ्यांच्या तोंडून भरा. हा तक्ता समोर ठेवून, कोणतीही मदत द्यायच्या आधी, दोनच प्रश्न विचारा: हे आले की कोण कोणती गोष्ट करायचे थांबेल, आणि हे बंद झाले त्या दिवशी कोण अडचणीत येईल? मी हे प्रश्न आमच्या बैठकीत विचारत नाही, गावात विचारतो, कारण उत्तर त्यांनाच ठाऊक असते. त्या आजींना माहीत होते, आम्हाला नव्हते. एखाद्या बाणाखाली आपला निर्णय बदलेल असे काही सापडले नाही तर तो बाण खोडून टाका. पाच-सहा बाण उरले तरी पुरेसे आहेत.

हे काम मारुतीच्या पारावर एकदा बसून होत नाही. पारावर जे बसतात त्यांची शेते बहुधा उंचावर असतात आणि त्यांना विहीर असते. सखल भागातली, नदीकडची वस्ती, भूमिहीन घरे, एकट्या बायका पारावर येत नाहीत आणि आल्या तरी बोलत नाहीत. वस्तीवर वेगळे जावे लागते, बायकांशी वेगळे बसावे लागते, आणि दोन ठिकाणी निघालेली चित्रे जुळली नाहीत तर तो फरक मिटवायचा नसतो. बाणांच्या आराखड्यात 'गाव' असा एकच गोल काढला की जात आणि जमीन त्याच्या आत लपून जातात. किल्लारीनंतर ५२ गावांचे पुनर्वसन झाले तेव्हा घराचे क्षेत्रफळ जमीनधारणेवरून ठरले: २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. जुन्या गावात जी उतरंड होती ती नव्या गावाच्या आखणीत मोजपट्टीने कायम झाली. तेव्हा मी तरुण कार्यकर्ता होतो, घरे बांधून होत आहेत याचाच आनंद होता, आणि यावर आमच्यापैकी फार थोडे जण बोलले.

माझी एक चूक तुमच्या उपयोगाची आहे. सांगोला तालुक्यातल्या एका गावात आम्ही पाण्यासाठी तीन खोल बोअर घेतली. पाणी लागले, गाव खूश झाले. ते पाणी पाहून आसपासच्या शेतकऱ्यांनी डाळिंबाच्या बागा वाढवल्या आणि आणखी खोल बोअर घेतली. आपल्याकडचा खडक बेसाल्टचा आहे. पाणी असते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत, खाली अमर्याद साठा नसतो. तिसऱ्या वर्षी आमची तिन्ही बोअर कोरडी पडली आणि सोबत उथळ विहिरीही आटल्या, ज्यांवर गरीब घरे अवलंबून होती. पाणी वाढले की मागणी वाढते, हे आम्हाला कळायला हवे होते. आता मी गावाने पिकांविषयी आणि नव्या बोअरविषयी काही ठरवल्याशिवाय बोअरला पैसे देत नाही. असा ठराव पाळला जातोच असे नाही. निम्म्या गावांत तो मोडलेला मी पाहिला आहे.

विश्वस्तांचे काय, हा तुमच्या प्रश्नातला कदाचित सर्वांत अवघड भाग. किट मोजता येते, त्याचे छायाचित्र निघते, देणगीदाराला पाठवता येते; हा व्यवहारही त्याच व्यवस्थेचा भाग आहे आणि तो तुमच्या आराखड्यात यायला हवा. त्यांच्याशी तत्त्वज्ञान बोलू नका. मी करतो ते असे: प्रत्येक गावातली वीस घरे निवडतो आणि तीन आठवडे, तीन महिने व आठ महिने अशा तीन वेळा त्याच घरांत जाऊन चारच गोष्टी विचारतो: जनावर विकले का, नवे कर्ज कोणाकडून आणि किती व्याजाने घेतले, बियाणे घरात आहे का, मूल शाळेत आहे का. म्हणजे मृतसाठ्याला हात लागला का, ते कळते. शंभर घरांचा हा तक्ता किटच्या आकड्याशेजारी ठेवला की विश्वस्तांनाच प्रश्न पडतो. एका वेळी तर त्यांनीच तिसरे वाटप थांबवून ते पैसे गाळ काढण्यासाठी द्यायला सांगितले होते.

एक सावधगिरी मात्र बाळगा. मूळ कारणांची चर्चा करता करता आजची भूक पुढे ढकलली जाण्याचा धोका या विचारात आहे. सीनेच्या वरच्या अंगाला अहिल्यानगर आणि धाराशिव भागात पाऊस किती होतो, धरणांतून पाणी कधी सोडले जाते, नदीपात्रातली अतिक्रमणे, हे सगळे तुमच्या आराखड्यात आहे आणि बरोबरही आहे, पण त्यातले पाच गावांच्या संस्थेच्या हातात फार थोडे आहे. त्यासाठी निवेदने द्या, पाणी सोडण्याची सूचना गावापर्यंत किती तास आधी पोहोचते याची नोंद ठेवा आणि ती नोंद जिल्हा प्रशासनासमोर ठेवा. बाकी ताकद आपल्या हातातल्या धाग्यांवर लावा: पेरणीचे वीस दिवस, दुकानदाराची वही, मुकादमाच्या उचलीआधीची रोकड.

येत्या रब्बीसाठी एक काम आत्ताच तुमच्या तक्त्यावर लिहून ठेवा. फेब्रुवारीच्या अखेरीस काढणी उरकत आली की त्या पाचही गावांत घरोघर एक फेरी मारा आणि कोणाच्या दारात कडब्याची गंज आहे, किती पेंढ्यांची आहे, हे पाहा. ज्या घरी जनावर आहे आणि गंज नाही, त्यांची नावे त्याच दिवशी लिहून घ्या. कडब्याचा शेकड्याचा भाव तेव्हा सर्वांत उतरलेला असतो. तुमच्याकडे जे काही पैसे असतील त्यांतून त्या घरांसाठी कडबा त्याच आठवड्यात, शक्यतो त्याच गावातल्या शेतकऱ्यांकडून, विकत घेऊन ठेवा.